सर्जनशीलता कोणालाही वाढवता येते का?

बालाघाट (अंबाजोगाई)

मंडळी, नमस्कार.

एखाद्याला काही सुचते आणि दुसऱ्याला सुचत नाही, याचे कारण विचारले की आपल्याकडे ‘देवाची देणगी’ एवढे म्हणून विषय मिटवला जातो. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्वतःची कविता म्हणणारा मुलगा सर्जनशील ठरतो, आणि त्याच शाळेच्या हापशाचा मोडलेला दांडा मिळेल त्या सामानातून चालता करून देणारा मुलगा मात्र ‘हाताने हुशार’ एवढ्यावरच राहतो. ही वाटणी मला मान्य नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मानसशास्त्रात सर्जनशीलतेची जी व्याख्या बहुतेकांनी स्वीकारली आहे तिला दोन पाय आहेत: गोष्ट नवी हवी आणि ती त्या प्रसंगाला लागू पडणारीही हवी. नुसते नवे असेल तर तो विक्षिप्तपणा होऊ शकतो; नुसते लागू पडणारे असेल तर ते कसब आहे, आणि कसब ही काही कमी प्रतीची वस्तू नाही. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात अशी तक्रार केली होती, की आधीच्या तेवीस वर्षांत मानसशास्त्रीय साहित्याच्या सूचीत आलेल्या सुमारे १,२१,००० नोंदींपैकी जेमतेम १८६ या विषयाशी संबंधित आहेत. त्याच भाषणात त्यांनी असेही मांडले, की सर्जनशील कृती ही मूठभर प्रतिभावंतांची मिरासदारी नसून, कमीअधिक प्रमाणात जवळजवळ प्रत्येकाकडून तिची अपेक्षा करता येते.

आपल्याकडे हा वाद त्याहून पुष्कळ जुना आहे. दंडी या प्राचीन संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची कारणे सांगताना नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ असे पुष्कळ श्रवण-वाचन आणि न थांबणारा सराव अशी तीन कारणे दिली. पण पुढच्याच श्लोकात तो असेही सांगतो, की पूर्वसंस्कारातून येणारी अद्भुत प्रतिभा एखाद्यापाशी नसली, तरी अभ्यासाने आणि यत्नाने वाणीची उपासना केल्यास ती काही ना काही कृपा निश्चितपणे करते. एवढ्या जुन्या शास्त्रकाराने हे दार उघडे ठेवले असताना आपण ते का लावून घेतले, हे मला कळत नाही.

तेव्हा ती वाढते कशी, आणि कविता-चित्रांच्या बाहेरच्या माणसाने त्यासाठी काय करायचे, यावर आपापल्या कामातील अनुभवाने लिहावे, ही विनंती.

काळी माती (जिंतूर तालुका)

बालाघाट सर, हापशाच्या दांड्याचे उदाहरण वाचून बरे वाटले, पण त्यात एक धोकाही आहे. आपल्या भागात प्रत्येक जुगाडाला सर्जनशीलता म्हणण्याची हौस वाढली आहे. तारेने बांधलेला दांडा आठ दिवसांनी पुन्हा तुटणार असेल, तर ती निभावणूक झाली. तिला निर्मिती म्हणू नये.

मी उलट उदाहरण देतो. तिफणीने एका फेरीत एकच बी पडते. पण तिच्या मागे दोरीने सरते, म्हणजे बी सोडण्याची पोकळ नळी, बांधून त्यात तुरीचे बी मुठीने सोडत गेले, की त्याच फेरीत तुरीची ओळ वेगळी पडते. एका पावसाच्या वाफशावर दोन पिके पेरून होतात, आणि पुढे पावसाने दगा दिला तरी लवकरचे नाही तर उशिराचे, एखादे पीक तरी हाती लागण्याची आशा राहते. हे कोणी शोधले याची नोंद कुठेही नाही आणि शोधणाऱ्याला कोणी कलावंत म्हटलेले नाही, तरीही आपल्या दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

दुसरे उदाहरण रुंद वरंबा-सरीचे. पटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत काळ्या जमिनीसाठी या पद्धतीवर काम झाले, कारण आपल्या मातीची अडचण दुहेरी आहे: पाऊस जास्त झाला की पीक पाण्यात उभे राहते आणि उघडीप पडली की जमीन भेगाळते. जादा पाणी सरीतून निघून जावे आणि कमी असेल तेव्हा तिथेच मुरावे, अशी ती रचना आहे. आमच्याकडे सोयाबीनसाठी ती आली तेव्हा ज्यांना आपल्या रानाचा उतार आणि मातीची खोड ठाऊक होती, त्यांनी सरीची दिशा आणि अंतर आपापल्या परीने बदलून घेतले. ज्यांना ठाऊक नव्हती त्यांनी जसेच्या तसे केले किंवा सोडून दिले.

यावरून माझे मत असे बनले आहे, की नवे सुचण्यासाठी मोकळ्या मनापेक्षा भरलेले मन अधिक कामाचे असते. मात्र एक अट आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला अख्ख्या रानात प्रयोग परवडत नाही, म्हणून तो बांधाकडेची चार तासे, म्हणजे पिकाच्या चार ओळी, वेगळी ठेवतो. तेवढी तासे गेली तरी वर्ष बुडत नाही. ज्याच्याकडे अशी चुकण्यापुरती जागा नाही त्याला सर्जनशील होण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे, आणि असा उपदेश करणारे बहुधा पगारदार असतात.

शंकेखोर (छत्रपती संभाजीनगर)

शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन आहे. मी कारखान्यात काम करतो आणि आमच्याकडे मधूनमधून बाहेरून प्रशिक्षक येतात. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या जातात, सर्वांनी मिळून मनात येईल ते बोलायचे असते, कोणी टीका करायची नसते. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ नावाची ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यावसायिकाने लोकप्रिय केली. मात्र १९५८ सालीच येल विद्यापीठातील संशोधकांनी चौघांच्या गटाची तुलना एकेकटे बसून काम केलेल्या चौघांशी केली, तेव्हा एकेकट्यांच्या कल्पना एकत्र मोजल्यावर संख्येनेही जास्त भरल्या आणि गुणवत्तेतही उजव्या ठरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी दाखवून दिले, की याचे एक मोठे कारण अगदी साधे आहे: गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचे सुचलेले विरून जाते. आमच्या बैठकांत तर बोलण्याची पाळी साहेबांपासून सुरू होते, त्यामुळे विरण्यासारखे फारसे उरतच नाही.

म्हणून आधी प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहावे आणि मग एकत्र बसावे, एवढी सुधारणा मी सुचवीन.

पण माझी मूळ शंका त्याहून खोल आहे. गिलफर्ड यांच्या चाचणीत विटेसारख्या साध्या वस्तूचे जास्तीत जास्त वेगवेगळे उपयोग विचारले जातात. अशा कोड्यांचा सराव केला तर माणूस अशा कोड्यांत तरबेज होतो, हे मी समजू शकतो. पण त्यामुळे त्याची शेती, त्याचा लेथ किंवा त्याची कविता सुधारेल, असे मानायला आधार कोणता? ‘सर्वसाधारण सर्जनशीलता’ नावाचा काही स्नायू आहे, आणि व्यायाम केला की तो सगळीकडे उपयोगी पडतो, हे मला पटत नाही. काळी माती दादांचे उदाहरण तर माझ्याच बाजूने बोलते आहे. त्यांना सुचले ते त्यांच्याच रानात.

पदरकाठ (पैठण)

शंकेखोर यांच्या शंकेला विणकामाच्या बाजूने उत्तर देण्याचा प्रयत्न करते. आमच्या नात्यात हातमाग आहे, त्यामुळे लहानपणापासून हे काम जवळून पाहत आले आहे.

पैठणीचा पदर बघणाऱ्याला नक्षी दिसते, विणणाऱ्याला मात्र आधी बंधने दिसतात. प्रत्येक रंगाची स्वतंत्र कांडी असते, तो धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. म्हणून तर उलटी-सुलटी बाजू जवळजवळ सारखी दिसते. या पद्धतीत गोलाई खरी गोल येत नाही, ती पायऱ्यापायऱ्यांनीच येते. मोराची मान, बांगडीचे वर्तुळ, कमळाची पाकळी, असावलीची वेल यांना जे खास पैठणी रूप आले, ते या पायऱ्यांनी दिलेले आहे. चित्रकाराने कागदावर काढलेला सुंदर मोर मागावर तसाच उतरवू गेले की तो बेंगरूळ होतो, आणि मागाचे गणित पोटात घेऊन रेखाटलेला साधा मोर देखणा दिसतो.

हिमरूचेही असेच आहे. संपूर्ण रेशीम आणि जर असलेले किनखाब परवडणारे लोक थोडे होते. सुती पोतावर रेशमाचा जादा आडवा धागा खेळवून त्या श्रीमंतीचा भास कमी खर्चात उभा करणे, हे हिमरू विणणाऱ्यांनी साधले. मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, ती त्या काटकसरीची खूण आहे.

यातून मला असे म्हणायचे आहे, की बंधन हे सर्जनशीलतेचे वैरी नाही. नवख्याला ‘काहीही कर’ म्हटले तर तो गोठतो. ‘याच पाच रंगांत, एवढ्याच रुंदीत, पण शेजारणीपेक्षा वेगळे कर’ म्हटले की हात हलू लागतो. आमच्याच गावच्या एकनाथ महाराजांनी भारुडे रचताना गोंधळी, वासुदेव, जोहार घालणारा महार यांची लोकांच्या ओळखीची रूपे उचलली आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातले. दोन्ही गोष्टी आधीपासून होत्याच, त्यांना एकत्र आणणारे नाथ होते.

सीनाकाठ (परंडा)

सर्वांचे लिखाण आवडीने वाचत आहे, पण एक अडचण मांडतो. मी एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे. विणकराने, शेतकऱ्याने, कवीने सर्जनशील व्हावे हे ठीक आहे. आमच्या कामात सर्जनशीलता दाखवली तर लेखापरीक्षक तिला अफरातफर म्हणतात. माझ्यासारख्याने काय करावे? गंमत म्हणून विचारत नाही.

बालाघाट (अंबाजोगाई)

सीनाकाठ साहेब, आधी तुमचे उत्तर. आकडे बदलायचे नाहीत, हे तुमच्या कामातील बंधन आहे, पदरकाठ ताईंच्या पायऱ्यांसारखे. पण कर्जाचा अर्ज, त्यातील रकान्यांचा क्रम, कोणते कागद केव्हा मागायचे, पावतीवर काय छापायचे, हे सारे कोणीतरी कधीतरी ठरवलेलेच असते. खेड्यावरून आलेल्या खातेदाराला एकाच अर्जासाठी तीन खेपा का पडतात, हे एकदा टिपून पाहा. त्यातील एक खेप नियम न मोडता कमी करणारा अर्ज तुम्ही आखलात, तर तो नवा असेल आणि उपयोगीही असेल.

आता शंकेखोर यांच्या मुद्द्याकडे येतो. तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. सर्वत्र चालणारी सर्जनशीलता शिकवण्याचा दावा मीही करणार नाही. परंतु त्यातून ‘मग ती वाढवता येत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘ती एखाद्या कामात राहूनच वाढवावी लागते’ असा निघतो.

वेरूळचे कैलास लेणे पाहताना आपण थक्क होतो आणि असे काही याआधी कोणाला सुचलेच नसेल असे समजतो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडले जाणारे हे मंदिर डोंगर वरून खाली कोरत काढले आहे. मागचा कडा ३० मीटरांहून अधिक खोल छाटलेला आहे, आणि चुकून उडालेला दगड परत बसवण्याची सोय नाही. परंतु मंदिराची मांडणी पाहिली, तर ती सुमारे ७४० मध्ये पट्टदकल येथे चालुक्यांनी बांधलेल्या विरूपाक्ष मंदिराशी जवळचे नाते सांगते, आणि ते मंदिर कांचीच्या पल्लवांच्या कैलासनाथ मंदिराशी. म्हणजे आराखड्याला वडील आणि आजोबा दोन्ही आहेत. त्याच परिसरात कित्येक पिढ्या लेणी खोदली जात होती, त्यामुळे खडक वरून खाली कसा उतरवायचा हे ज्ञानही हाताशी होते. नवे होते ते असे, की रचून बांधलेल्या मंदिराचे पूर्ण रूप, आतून आणि बाहेरून, अखंड डोंगरात काढायचे. अजिंठ्याचे अपुरे राहिलेले चोविसावे लेणे याच्या जोडीला पाहावे. खोदकाम कोणत्या क्रमाने चाले, हे तिथे उघडे दिसते, आणि मला तरी शिकण्याच्या दृष्टीने पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा तेच अधिक मोलाचे वाटते.

राजशेखर या संस्कृत काव्यशास्त्रकाराने प्रतिभेचे दोन प्रकार केले आहेत. कारयित्री प्रतिभा कवीची, भावयित्री प्रतिभा रसिकाची. आपण सगळे पहिलीच्या मागे लागतो. मला वाटते की सामान्य माणसाने दुसरीपासून सुरुवात करावी: आपल्या कामातील चांगले कोणते आणि का, हे ओळखण्याची नजर आधी तयार करावी. दहा नव्या गोष्टी सुचणे तितके अवघड नसते. त्या दहांतली कोणती ठेवायची हे न कळणे, इथे बहुतेकांची गाडी अडते. मम्मट या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने सरावाचा उल्लेख करतानाही ‘काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणुकीनुसार’ अशी अट घातली आहे. जाणत्याच्या नजरेखालून न गेलेला सराव त्याच त्या चुका घट्ट करतो.

ओवीवेडी (माजलगाव)

इतका वेळ शास्त्रकार आणि राजे यांच्याबद्दल वाचले, म्हणून जात्याकडे वळते.

ज्या बायकांना कोणी कधी प्रतिभावान म्हटले नाही, ज्यांतील बहुतेकींना अक्षर येत नव्हते, त्यांनी दळताना रचलेल्या ओव्यांचा साठा अफाट आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्याच एक लाखाच्या पुढे जाते. एका समाजात एवढ्या स्त्रिया रचना करू शकत होत्या, तर ‘देणगी’ हा शब्द अपुरा पडतो. तिथे एक व्यवस्था होती.

ती व्यवस्था मला अशी दिसते. चाल ठरलेली असते आणि ती जात्याच्या फेऱ्याने धरून ठेवलेली असते. ‘पहिली माझी ओवी’ यासारखी सुरुवात, भाऊ, लेक, माहेर, पंढरी यांसारखे विषय, आणि ओळ पुरी करणारे ठरावीक शब्द हे सारे सासू-जावांच्या तोंडून ऐकून आधीच कानात साठलेले असते. त्यामुळे नवी ओवी म्हणणाऱ्या बाईला कोऱ्या पाटीपासून सुरुवात करावी लागत नाही. पहिला चरण परंपरेचा घ्यायचा आणि दुसऱ्यात आपल्या घरचे घालायचे, एवढ्यानेही भागते. समोर बसलेली दुसरी बाई लगेच ती उचलते, फिरवते किंवा गप्प राहते. हे गप्प राहणे हेच परीक्षण. बालाघाट दादा ज्या भावयित्री प्रतिभेबद्दल लिहीत आहेत, ती इथे जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेली असे.

आणि हे जुन्याचे गिरवणे नव्हते. आमच्या माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांकडून १९९० च्या दशकात ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत विठ्ठलाच्या आणि भावाच्या जागी बाबासाहेब आंबेडकर आले आहेत. चाल आजीची होती आणि तीत गायिलेला माणूस, त्याच्यामागचा अभिमान आणि विचार नवा होता. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणात देवाला बोलावले, त्यानंतर कितीतरी शतकांनी त्याच कामात हे घडले.

आता गिरणी आली आणि जाते गेले, याचे मला दुःख नाही. त्या कष्टांचे कौतुक ज्यांना दळावे लागले नाही त्यांनीच करावे. मात्र रोज ठरलेल्या वेळी, हात कामात गुंतलेले असताना, ऐकणारे कोणी समोर असताना, बिनबोभाट रचून पाहण्याची जी सोय होती, ती दुसऱ्या कोणत्या रूपात उभी करता येईल, याचा विचार व्हावा.

मांजराकाठ (लातूर)

मी शिक्षक आहे, आणि आमच्या गावाचे नाव ज्या परीक्षा-पद्धतीमुळे राज्यभर झाले तिच्यावर ‘मुलांची सर्जनशीलता मारते’ असा आरोप नेहमी होतो. वरची चर्चा वाचल्यावर त्या आरोपाचा अर्धा भाग मला चुकीचा वाटू लागला आहे. पाठांतर आणि भरपूर सराव हा साठा आहे. ओवीवेडी ताईंच्या बायकांकडेही तो होताच. आरोपाचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा आहे. आम्ही साठा भरून देतो आणि तो फिरवून पाहायला एकही तास ठेवत नाही. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, आणि तेही ठरलेल्या वेळेत.

पुढच्या महिन्यापासून आठवीच्या वर्गात एक तास असा ठेवायचे योजिले आहे. फळ्यावर एक ओळ द्यायची, प्रत्येकाने एकट्याने वहीत तिच्या पुढच्या शक्य तितक्या ओळी लिहायच्या, मग जोडीदाराने त्यांतील एक निवडायची आणि ती का निवडली हे सांगायचे. विज्ञानाच्या तासालाही असेच करता येईल: पाण्याची टंचाई दिलेली, घरातील पाणी एकदा वापरून पुन्हा कुठे वापरता येईल ते लिहायचे. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आलेल्या गावातल्या मुलांना या प्रश्नाची प्रस्तावना करावी लागणार नाही. चांगल्या वहीला बक्षीस ठेवावे का, यावर मत हवे आहे.

शंकेखोर (छत्रपती संभाजीनगर)

सर, बक्षीस ठेवू नका, निदान आधी जाहीर करू नका. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात, चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले होते. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुले चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काही कबूल न करता अचानक प्रशस्तिपत्र दिले, त्यांच्यात ही घट दिसली नाही. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अ‍ॅमाबिले यांनीही पुढे बरेच काम करून हेच मांडले, की कामाची स्वतःची गोडी ही सर्जनशीलतेची एक मुख्य अट आहे.

आणखी एक. एका तासात सुचले नाही म्हणून वही बंद करायला लावू नका. तोच प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा द्या. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले, तयारी, मुरणे, सुचणे आणि पडताळणे. पॉइनकारे या गणितज्ञाला अडलेला एक दुवा सहलीत घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना सापडला, हा प्रसंग सगळे सांगतात. त्याआधी तो त्या प्रश्नाशी किती झगडला होता आणि परतल्यावर त्याने तो शांतपणे पडताळून पाहिला, हे फारसे कोणी सांगत नाही. मुरायला घालण्यासाठी आधी भांड्यात काहीतरी असावे लागते, हे मुलांनाही सांगावे.

काळी माती (जिंतूर तालुका)

मांजराकाठ सर, त्या तासाला गुणही देऊ नका. ती तुमची बांधाकडेची चार तासे समजा.

सीनाकाठ (परंडा)

बालाघाट सरांनी सांगितल्याप्रमाणे गेले काही दिवस टिपून पाहिले. पहिली खेप अर्ज नेण्याची, दुसरी कागद देण्याची, आणि तिसरी खेप बहुतेक वेळा जामीनदाराच्या सहीसाठी असते, कारण जामीनदाराला सोबत आणावे लागते हे अर्जाच्या तिसऱ्या पानावर छापलेले आहे आणि ते पान कोणी घरी वाचत नाही. नियम न बदलता ही ओळ पहिल्या पानावर, नावाच्याही वर आणता येईल, असे व्यवस्थापकांना सुचवले आहे. ते म्हणतात, नमुना करून दाखवा. ओळीचे शब्द खेड्यातील माणसाला एका वाचनात कळावेत म्हणून मी चार प्रकारे लिहून पाहिली आहे. त्या चारही ओळी उद्या इथे टाकतो. कोणती ठेवावी आणि का, हे सर्वांनी, विशेषतः काळी माती दादांनी, सांगावे.